बुधीच्या हातातलं माप

"अगं, एक कुठे गेला? एक कुणी खाल्ला?"

संस्थेच्या मॅडमनी हे माइकवरून विचारलं आणि अख्खा हॉल हसला.

आमच्या वाड्यांवर बालवाड्या चालवणाऱ्या संस्थेने शहापूरला बालमेळावा भरवला होता, त्यातली ही गोष्ट. बारक्या पोरांनी हाताने करून विज्ञान-गणित कसं शिकायचं, ते दाखवण्याचा मेळावा. टेबलांवर रंगीत मणी, तराजू, भिंगं, पाण्याच्या बादल्या. प्रत्येक बालवाडीच्या ताईने आपलं एक मूल आणायचं आणि त्याने सगळ्यांसमोर एक कृती करायची. मी बुधीला नेलं होतं. जनीची पोर, आमच्याच वाडीतली, पाचेक वर्षांची. तिच्यापुढे वाळूची पाटी, एक मग, एक डबा. डब्यात किती मग वाळू मावते ते मोजायचं. सोपं काम. वाडीत तर ह्या कामासाठी ती दुसऱ्या पोरांशी भांडायची.

बुधीने मग वाळूत बुडवला. वरची वाळू तळव्याने सपाट केली. डब्यात ओतला आणि म्हणाली, "लाभ." दुसरा ओतला. "दोन." तिसरा. "तीन."

मॅडमनी थांबवलं. "बाळ, पहिल्यापासून कर."

बुधीने डबा पाटीत उलटा केला, नीट झटकला. पुन्हा मग भरला. "लाभ."

तेव्हा मॅडमनी माइक उचलला आणि ते एक कुणी खाल्ल्याचं विचारलं. मग माझ्याकडे वळल्या. "ताई, तुम्हीच शिकवलंत ना हिला? तुम्हाला तरी एक येतो का?"

हॉल पुन्हा हसला. कल्याणकडच्या, बदलापूरकडच्या शिकलेल्या ताया होत्या, इस्त्रीच्या साड्यांतल्या. पुढच्या खुर्च्यांवर पाहुणे होते. बुधीने माझ्याकडे बघितलं. ताई आता सांगेल, असं तिला वाटलं असणार.

मी हसले. सगळे हसत होते तशीच, दात दाखवून. आणि म्हणाले, "एक म्हण गो. एक म्हणायचं."

बुधीने मग खाली ठेवला. मॅडमनी तो उचलून शेजारच्या मुलाला दिला. कुठल्याशा गुरुजींचा मुलगा, पायात मोजे-बूट. त्याने मोठ्या आवाजात एक, दोन, तीन सुरू केलं. तोंडाने तो दहापर्यंत पोचला तेव्हा हातातला पहिला मग अजून निम्माच भरला होता, पण टाळ्या पडल्या. बुधी माझ्या लुगड्याला धरून नाही उभी राहिली. लांब, भिंतीला जाऊन टेकली.

आता हे लाभ काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या भागात खळ्यावर भात मोजतात ना, तेव्हा पहिलं माप टाकताना कुणी एक म्हणत नाही. लाभ म्हणतात. मग दोन, मग तीन. पहिल्या मापाला शुभ बोलायचं, म्हणजे राशीला बरकत राहते. चालत आलेलं आहे. मालकही तसंच मोजतो, मजूरही घरी आपलं भात तसंच मोजतो. बुधी आईच्या मागे खळ्यावर वाढलेली. तिने माप म्हणून दुसरं काही ऐकलंच नव्हतं. नुसते चिंचोके मोजायला दिले तर ती एकपासून मोजायची, अगदी बरोबर. पण माप हातात आलं, ओतायचं झालं, की लाभ.

हे सगळं मला ठाऊक होतं. दोन वाक्यांत सांगता आलं असतं. मॅडम काही वाईट बाई नव्हत्या, ऐकून घेतलंही असतं कदाचित.

मग का नाही सांगितलं? मला लाज वाटली. त्या माइकवर, त्या खुर्च्यांसमोर खळ्याचं नाव घ्यायची लाज वाटली. कारण खळं म्हणजे दुसऱ्याचं खळं. तिथे आम्ही पदर पसरून मजुरीचं भात घेणाऱ्या. मालक मापाला हात लावू द्यायचा नाही, लांबून ओतायचा. त्या खळ्यावरून उठून मी ताई झाले होते, गळ्यात बिल्ला घालून खुर्चीवर बसले होते, आणि बुधीने सगळ्यांसमोर मला परत त्या खळ्यावर नेऊन बसवलं. मला तिचा राग आला, असंही म्हणा. पाच वर्षांच्या पोरीचा.

माझं शिकणं किती, तर चौथी. तेही खाली वैशाखरे गावच्या शाळेत, मागच्या भिंतीला बसून. पुढचं सगळं स्वतःचं स्वतः. दुकानातून मीठ-मिरची आली की पुडीचा कागद वाचायचा. नवऱ्याला बाजारात पाठवलं की त्याला सांगून ठेवलेलं, छापील काही दिसलं की आण. अर्धी बातमी वाचायची आणि उरलेली मनाने पुरी करायची. संस्थेला वर वाडीपर्यंत चढून येणारी शिकलेली ताई मिळेना, म्हणून मला घेतलं.

आणि सांगते, पहिलं वर्ष मी फार चांगली शिकवली पोरं. मला काही येत नव्हतं म्हणून चांगली शिकवली. खेळणी नव्हती. मग ओढ्यावर न्यायची. करंजाची शेंग तरंगते का? करवंद तरंगतं का? पळसाच्या पानावर किती खडे ठेवले की ते बुडतं? पोरं पैज लावायची. पान द्रोणासारखं दुमडलं की जास्त खडे घेतं, हे बुधीने काढलं होतं, मी नव्हतं सांगितलं. काठी रोवून तिची सावली बघायची, सकाळी कुठे, जेवायच्या वेळेला कुठे. दोन करवंट्या काठीला बांधून तराजू. एकीत चिंचोके, एकीत गोटे. सुपात भात पाखडून दाखवायची आणि विचारायची, फोलपट का उडतं, दाणा का नाय उडत? "दाणा जडशीळ हाय." "मग गोटा पन उडंल का, जोरात फुकला तर?" दिवसभर अशी कटकट. मला उत्तर यायचं नाही तेव्हा मी म्हणायची, चला बघू. बस, एवढंच शिकवणं होतं माझं.

मेळाव्याहून परत येताना शहापूर ते मुरबाड एसटीत बुधी माझ्याजवळ बसली नाही. खिडकीही नको म्हणाली. मुरबाडला मी तिला भजी घेऊन दिली. तिने धरून ठेवली, खाल्ली नाही. वाडीवर पोचल्यावर जनी विचारायला आली.

"बाय, केलं का गो हिनं? सगल्यांफुडं?"

"केलं," मी म्हणाले. "छान केलं."

जनी एवढी खूश झाली. तिने जाऊन घराघरांत सांगितलं, माझी बुधी शापूरला मोजून आली. ते मला ऐकू येत होतं.

पुढच्या पावसाळ्यात संस्थेने पेटी पाठवली. प्लॅस्टिकचे मग, आकडे लिहिलेले ठोकळे, मण्यांची पाटी, छोटा तराजू. सोबत शिकवण्याची पद्धतही आली. आधी ताईने करून दाखवायचं, मुलांनी हात मागे बांधून बघायचं. मग एकेकाने पुढे यायचं. वस्तू हरवता कामा नयेत, मळता कामा नयेत.

मी ती पद्धत घेतली. कुणी जबरदस्ती नव्हती केली. मला परत हसं करून घ्यायचं नव्हतं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. "हात मागे," मी म्हणायची. पोरं हात मागे घ्यायची. ओढ्यावर जाणं बंद. करवंट्यांचा तराजू मी चुलीत घातला, पाणी तापवायला. वाळूचा मग भरताना पोरगं लाभ म्हणालं की मी सगळं परत ओतायला लावायची. पुन्हा. पहिल्यापासून. एक म्हणेस्तोवर.

पोरं शिकली एक म्हणायला. न शिकून करतात काय. मॅडम आल्या, बघितलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "किती सुधारणा आहे ताई. मी दुसऱ्या वाड्यांना तुमचं उदाहरण सांगते." मला ते गोड लागलं. कशाला खोटं बोलू? घरी येऊन मी सासूला दोनदा सांगितलं.

बुधी रोज यायची. दाराजवळ बसायची, दोन्ही हात काखेत घालून. मला हात मागे घ्या म्हणायचीही गरज पडायची नाही तिला. पेटीतली वस्तू पुढे केली तर मान हलवायची. चिंचोके दिले तरी नाही. जनी मला एकदा पाणवठ्यावर म्हणाली, "बाय, आमची पोर कशाला हातच लावीत नाय. घरात पन नाय. भात निवडाय बसवली तर नुसती बघीत बसती. नजर लागली का काय?" मी म्हणाले, वाढीचं वय आहे, होईल बरी. नजर कुणाची लागली ते मला ठाऊक होतं.

दिवाळीनंतर भातं झोडून झाली आणि जनीचं घर वीटभट्टीवर निघालं, भिवंडीच्या बाजूला. दरवर्षी जायचे. पावसाच्या तोंडावर परत. त्या वर्षी निघायच्या सकाळी जनी बुधीला घेऊन माझ्या अंगणात आली. बुधीचं गाठोडं वेगळं बांधलेलं.

"बाय, हिला ठेव तुझ्यापाशी. भट्टीवं येऊन काय करंल? हितं चार अक्षरं शिकंल. येत्या जूनला पयलीत जाईल. मी तांदूळ देऊन जातं तिच्या खान्याचं."

मी लगेच हो म्हणाले. मला वाटलं, चला, फेडायची संधी आली. मी बुधीचा हात धरायला गेले. तिने हात मागे घेतला.

"मी नाय राहनार," ती आईला म्हणाली.

"का गो? ताई हाय ना. ताई तुला नेते शापूरला परत."

"ताई पन हसली," बुधी म्हणाली.

जनीला काही कळलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. बुधी रडली नाही, तक्रारीच्या सुरातही बोलली नाही. अंगणात कोंबडी आहे असं सांगावं तसं सांगितलं. "सगली हसली. ताई पन हसली."

जनीने मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. "चल," ती बुधीला म्हणाली, गाठोडं उचललं आणि दोघी उतारावरून खाली गेल्या. तांदळाची पिशवी तेवढी माझ्या ओट्यावर विसरून राहिली. ती मी नंतर दुसऱ्यांच्या हाती भट्टीवर पाठवली. ते तांदूळ शिजवायची हिंमत माझ्यात नव्हती.

आता सांगते काय झालं माझं. त्या दिवसापर्यंत मी मनात धरून बसले होते की त्या हॉलात अपमान माझा झाला. मॅडमनी माझा केला. रात्रंदिवस तेच चघळायची. बुधीने त्या सकाळी मला दाखवलं की मी त्या पुढच्या खुर्च्यांवरच बसलेली होते. बिल्ला घातलेली, हसणारी. जे खळ्याच्या मालकाने माझ्याशी केलं, मापाला हात लावू दिला नाही, तेच मी पुरा पावसाळा पोरांशी करत होते. हात मागे.

दुसऱ्या दिवशी मी पेटी उघडून मध्यभागी ठेवली आणि म्हणाले, घ्या. पोरं बसूनच. कुणी हात काढेना. त्यांना वाटलं, ही काहीतरी परीक्षा आहे. मीच खाली बसले, मग घेतला, वाळूत घातला. मोजलं नाही. नुसतं भरलं आणि ओतलं. खूप वेळाने एका पोराने हात पुढे केला, माझ्याकडे बघत बघत, मी मारेन ह्या भीतीने. ते बघणं मला अजून दिसतं.

जनीचं घर पावसाच्या तोंडावर परत आलं. बुधी आली नाही बालवाडीत. शाळेचे गुरुजी नाव घालायला गेले तर रानात लपली. मग बकऱ्या सांभाळायला लागली. रोज सकाळी बालवाडीपुढून बकऱ्या घेऊन जायची. आत बघायची नाही.

त्याच पावसाळ्यात मॅडम पाहुणे घेऊन आल्या. मुंबईचे, संस्थेला देणगी देणारे. माळशेजचे धबधबे बघायला निघाले होते, वाटेत आमची वाडी. गाड्या खाली रस्त्यावर ठेवून, छत्र्या घेऊन वर चढून आले. बूट चिखलाने भरलेले, म्हणून दारातच उभे राहिले. पोरं आत जमिनीवर खेळत होती. एक गट पाण्याच्या घमेल्याभोवती, एक वाळूत. गोंगाट चाललेला.

मॅडम आत येऊन हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, एखादं हुशार मूल उभं करा ना. मग-डब्याचं करून दाखवू दे. आणि बाकीच्यांना हात मागे घ्यायला सांगा, फोटो काढायचेत."

"नाय उभं करनार," मी म्हणाले.

त्यांना वाटलं मी ऐकलं नाही. परत सांगितलं.

"मॅडम, ऐकलं मी. पोर उभं करनार नाय. त्यांना बघायचंय ना, बूट काढा म्हणावं, या म्हणावं आत. पोरांत बसा. घमेल्यात हात घाला. पोरं सांगतील काय चाललंय ते."

"पाहुण्यांना टाइम नाहीये ताई. पाच मिनिटांचं काम आहे."

"पाच मिन्टात माझी एक पोर गेली," मी म्हणाले. "शापूरला. तुमी हसलात, मी हसले. ती अजून हात लावीत नाय कशाला."

मॅडमच्या चेहऱ्यावर काही आलं नाही. त्यांना आठवतच नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. शंभर पोरं बघितलेली, त्यांत एक बुधी. मला तेव्हा कळलं की हसणाऱ्याला घरी नेण्यासारखं काही उरत नाही. जिला हसतात तिलाच ते उचलून न्यावं लागतं.

"तुम्ही चौथी शिकलेल्या," मॅडम म्हणाल्या, आता आवाज चढला होता. "तरी आम्ही तुम्हाला घेतलं. विसरू नका."

"घेतलंत. मला घेतलंत. पोरं नाय दिली मी तुमाला. ती दाखवायला ठेवलेली नायत."

दारातले पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. एक बाई खरंच बूट काढायला वाकली होती, तिला सोबतच्या माणसाने दंडाला धरून उठवलं. छत्र्या उघडल्या आणि सगळे उतरून गेले.

आता तुम्ही म्हणाल, वा, चांगलं ऐकवलंत. थांबा. पुढचं ऐका.

महिन्याभरात संस्थेने बालवाडी बंद केली. माणूस येऊन पेटी घेऊन गेला. पोरांना रोज मिळायचा तो खाऊही गेला, चिक्की आणि उकडलेले हरभरे. काही पोरं त्या खाऊवरच दुपार काढायची. माझी सासू ओट्यावर बसून मोठ्याने म्हणाली, शेजारच्यांना ऐकू जाईल असं, "हिची हौस फिटली. आता पोरांच्या तोंडात काय घालशील? तुझं बोलनं?" त्या दारात मी जे बोलले त्याची किंमत मी दिली नाही, पोरांनी दिली. बुधीच्या वेळी तोंड उघडलं नाही म्हणून एक पोर गेली. नंतर तोंड उघडलं तर सगळ्यांचा खाऊ गेला. दोन्हीचं ओझं मीच बांधलेलं आहे. ते कुणी खांद्यावरून उतरवून देईल, अशी माझी अपेक्षा नाही. जनीकडे मी माफी मागायला गेले होते. ती म्हणाली, "जाऊ दे बाय." त्यात माफी नव्हती, आणि मी ती आहे असं धरलंही नाही.

पण मी परत कुणाची बालवाडी घेतली नाही. दुसऱ्या एका संस्थेने बोलावलं होतं, धसईच्या बाजूला, खाऊही मिळाला असता. पाहणीचे दिवस किती, ते मी विचारलं. दर महिन्याला, म्हणाले, मुलांनी करून दाखवायचं. मी उठून आले. येताना वाटेत त्या न मिळणाऱ्या खाऊचा विचार केला आणि तरी मागे वळले नाही. चुकलं असेल.

त्यानंतर माझ्या अंगणात पोरं बसतात. जी येतील ती. घरात असेल ते देते खायला, कधी नाचणीची भाकर, कधी काही नाही. घमेलं, वाळू, बिया, काठ्या. कुणी कसंही मोजो. कुणी चुकीचं मोजलं तर मी शेजारी बसून मोजते, आणि कुणी बाहेरचं असं मोजतात का म्हणून विचारलं तर पोराच्या आधी मी बोलते. मोठ्याने. खळ्याचं नाव घेऊन.

अंगणाचं ऐकून इतर बालवाड्यांच्या ताया येतात माझ्याकडे आता, बघायला, शिकायला म्हणून. शिकलेल्या, चांगल्या मुली आहेत. त्यांना मी एकच सांगते. मुलाच्या हातातली वस्तू काढून घ्यायची नाही, मंत्री आला तरी. मूल अडलं आणि भोवती हसू फुटलं, तर तुम्ही आधी मुलाच्या बाजूला जाऊन उभ्या राहा, मग विचार करा. नोकरी जाईल. माझी गेली. खाऊ जाईल, त्याचंही पाप लागेल, ते मी तुमच्यापासून लपवत नाही. तरी उभ्या राहा. आणि माझ्या अंगणात जो कुणी पोराला हसेल त्याला मी हाताला धरून बाहेर काढीन. साहेब असो, बाई असो, देणगी देणारा असो. हसणारी मी असले तर पोरांनी मला काढावं. तसं मी त्यांना सांगून ठेवलं आहे.